आधी वेलांटी, मग अक्षर

मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ला कोल्हापुरात सुरू झालं आणि सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाभोवती गाळे, ब्लॉक, माडीवरच्या खोल्या, जे मिळेल ते वकिलांनी भाड्याने घ्यायला सुरुवात केली. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर अशा सहा जिल्ह्यांची कामं आता इथं चालतात. नवं ऑफिस म्हटलं की टेबल, कपाट, प्रिंटर आणि कॉम्प्युटर आलेच. कॉम्प्युटर बसवून देणं, दुरुस्त करणं, वर्षभर सांभाळणं हा माझा धंदा. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. वकिलांनी जुन्या ऑफिसातून उचलून आणलेली यंत्रं धडधाकट होती, एसएसडी घातली की पळणारी. पण इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर विंडोज ११ त्याला सहसा अधिकृतपणे घेत नाही. मग विचारणा सुरू झाली: "ह्याच्यावर लिनक्स चालेल का? आणि चाललं तर आमचं काम चालेल का?"

पहिल्या प्रश्नाला मी उभ्या उभ्या हो म्हणतो. दुसऱ्यासाठी त्या ऑफिसात जाऊन बसावं लागतं. कोण काय टाइप करतं, कुठल्या फाँटमध्ये, कागद कुठला, प्रिंटर कुठला, डिजिटल सहीचं टोकन आहे का, हे बघितल्याशिवाय मी शब्द देत नाही.

अशा बसून बघण्याचं मोल आपल्या जिल्ह्याने फार पूर्वी दाखवून दिलं आहे. १९९८ साली वारणा खोऱ्यातल्या सत्तर गावांत ऊस उत्पादकांसाठी कॉम्प्युटर पोहोचवायची योजना सुरू झाली. देशभर तिची वाखाणणी झाली. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे संशोधक तिथं आले, केंद्रांवर काय चालतं ते त्यांनी पाहिलं. शेतकरी येत होते ते मुख्यतः उसाचं वजन, खताचा हिशेब, बिल अशा मोजक्या नोंदी विचारायला. म्हणून काही गावांत कॉम्प्युटरच्या जागी एसएमएसवर चालणारा साधा मोबाइल देऊन बघितला, आणि काम भागलं. यंत्र वापरायला सोपं आहे की नाही, हे यंत्राकडे बघून ठरत नाही, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

लिनक्सशी माझी गाठ पडली ती पोस्टातून. बीएसएनएलचं ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं आणि २५६ केबीपीएसवर अख्खी सीडी उतरवायची म्हणजे रात्र जागवायची. त्या काळात कॅनॉनिकल ही कंपनी मागेल त्याला उबंटू या लिनक्सची सीडी फुकट घरपोच पाठवायची. २००४ साली मार्क शटलवर्थ या दक्षिण आफ्रिकी उद्योजकाने स्वतःच्या पैशातून ती कंपनी उभी केली होती, आणि सीडी पाठवायचा तो खर्च तिने २०११पर्यंत सोसला. राजारामपुरीतल्या माझ्या खोलीवर नेदरलँड्सचं तिकीट लावलेला लिफाफा यायचा तेव्हा पोस्टमनसुद्धा उलटसुलट करून बघायचा.

मराठीचं म्हणाल तर त्या वेळी विंडोज एक्सपीवर युनिकोड मराठी धड दिसावी म्हणून कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक खूण करावी लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. गिऱ्हाइकाकडे मूळ सीडी क्वचितच असायची. रेड हॅट कंपनीच्या फेडोरा या लिनक्सवर मात्र लोहित फाँट आधीच बसवलेला असायचा. रेड हॅटने २००४ साली हे फाँट मुक्त परवान्याखाली खुले केले होते आणि पुण्यातल्या त्यांच्या ऑफिसात मराठी, गुजराती, हिंदी अशा भाषांवर पगारी माणसं काम करत होती. 'जोडाक्षर तुटत नाही' एवढं दाखवायला मी तो डेस्कटॉप उघडून लोकांपुढे ठेवत असे.

लोक बघायचे, छान म्हणायचे आणि विंडोजवर परत जायचे. त्यांचं चूक नव्हतं. लक्ष्मीपुरीतली डीटीपीची दुकानं असोत, लग्नपत्रिका छापणारे असोत की कोर्टाच्या आवारातले टायपिस्ट, सगळ्यांचा संसार पेजमेकर, कोरल, श्री-लिपी आणि आयएसएमवर उभा होता. ती अक्षरं दिसायला मराठी, पण फाइलीच्या पोटात त्या त्या फाँटची खासगी चिन्हं. फाँट बदलला की कागदभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. वर्षानुवर्षांचे दावे, करारनामे, मृत्युपत्रं त्या फाइलींत अडकलेली होती आणि आजही पुष्कळ अडकलेली आहेत. डेस्कटॉप किती देखणा आहे याचा तिथं काही उपयोग नव्हता.

माझ्या कामातला सगळ्यात मोलाचा धडा मला एका कोर्ट टायपिस्टने दिला. सगळे त्यांना तात्या म्हणतात. उमेदवारी गोदरेजच्या टाइपरायटरवर केलेली, मराठी चाळीसची परीक्षा पास, बोटं आजही अशी चालतात की समोरच्याने वाक्य संपवायच्या आधी कागदावर उतरलेलं असतं. त्यांचा कॉम्प्युटर बदलायची वेळ आली. मी उबंटू, लिबरऑफिस, इनस्क्रिप्ट कीबोर्ड सगळं तयार करून दाखवलं. इनस्क्रिप्ट ही सरकारमान्य मांडणी. स्वर एका हाताला, व्यंजनं दुसऱ्या हाताला, आणि सगळ्या भारतीय लिप्यांना तीच. नव्याने शिकणाऱ्या पोरापोरींना मी अजूनही हीच शिकवतो. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं असू दे. मी वेलांटी आधी मारली तर ती आधी उमटंल का?"

या एका प्रश्नात किती काय आहे ते सांगतो. टाइपरायटरवर माणूस दिसतं तसं टाइप करतो. 'फिर्यादी' हा कोर्टातला रोजचा शब्द घ्या. तात्या आधी ऱ्हस्व वेलांटी मारतात, मग फ, मग या, आणि मग या-वर रफार. युनिकोडचा क्रम उच्चाराचा: फ, मग वेलांटी, मग र आणि हलन्त, मग य आणि काना. म्हणजे बोटांचा क्रम आणि फाइलीतला क्रम दोन ठिकाणी उलटा. 'परिस्थिती'मध्ये तर वेलांटी मारल्यावर अर्धा स येतो, मग थ. तोवर वेलांटीला थांबवून धरायचं आणि थ आला की त्याच्या मागे नेऊन ठेवायचं. अर्धं अक्षर आणि काना मिळून पूर्ण अक्षर होतं, तो जोडही जुळवावा लागतो. शिवाय 'सातबाऱ्यावर' लिहिताना येणारा अर्धचंद्रासारखा र निराळा आणि 'फिर्यादी'तला रफार निराळा. हिंदीसाठी केलेल्या रेमिंग्टन या टाइपरायटरच्या मांडणीत हा फरक सांभाळलेला नसतो, कारण हिंदीला त्याची गरज पडत नाही. मराठीत तो चुकला तर शब्दच बदलतो आणि दाव्यातला शब्द बदलून चालत नाही.

साठीच्या माणसाला 'इनस्क्रिप्ट शिका' असं सांगणं मला पटत नव्हतं. चाळीस वर्षांची कमाई ज्या बोटांत आहे, ती बोटं यंत्रासाठी का बदलायची? मी शोध घेतला. लिनक्सवर भारतीय भाषांचं टायपिंग बऱ्याच ठिकाणी एम१७एन नावाच्या संचावर चालतं. जपानच्या सरकारी संशोधन संस्थेतल्या लोकांनी तो केलेला आहे, आणि त्यातली प्रत्येक मांडणी म्हणजे साधी वाचता येईल अशी मजकुराची फाइल असते. कुठली कळ दाबली की काय उमटायचं, कशासाठी थांबायचं, हे सगळं त्या फाइलीत लिहिलेलं. कुणाची परवानगी लागत नाही, कुणाचा नंबर फिरवावा लागत नाही. मी हिंदीची फाइल समोर ठेवली, तात्यांना शेजारी बसवलं, आणि टाइपरायटरच्या एकेका कळीचा हिशेब लावत गेलो. अख्खं अक्षर पूर्ण होईस्तोवर हाताशी धरून ठेवायचं आणि मगच फाइलीत सोडायचं, ही युक्ती लागू पडली. अडलं ते मागे खोडण्याच्या कळीवर. टाइपरायटरवर मागे जाणं म्हणजे एक ठोका मागे. इथं एका ठोक्याचे कधी दोन तर कधी तीन संकेत झालेले असतात. ते जुळवायला सर्वांत जास्त वेळ गेला. पण ज्या दिवशी तात्यांनी खाली न बघता एक अख्खं प्रतिज्ञापत्र ओढून काढलं, त्या दिवसापासून त्यांच्या टेबलावर उबंटू आहे.

ती मांडणी माझी, पण ती ज्यावर उभी आहे त्यातलं काहीही माझं नाही. आयबस हा टायपिंगचा कारभारी रेड हॅटमधल्या एका इंजिनियरने सुरू केला. अक्षरं जोडून पडद्यावर नीट बसवणारं हार्फबझ बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या इंजिनियरच्या नेतृत्वाखाली उभं राहिलं; तो आधी रेड हॅटमध्ये होता, नंतर गुगलमध्ये. लिबरऑफिसने २०१३ साली लिनक्सवर हार्फबझ स्वीकारलं. स्क्रायबस या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा लिप्या धड बसाव्यात म्हणून ओमानमधल्या एका गटाने कष्ट घेतले. त्यांना अरबी हवी होती. त्यांच्या अरबीमागोमाग आमची मराठीही आत आली.

आमच्याकडे काही तरुण मुलं कंपन्यांचं नाव काढलं की नाराज होतात. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे हौशी लोकांनी रात्री जागून केलेलं काम, त्यात कंपनीचा पैसा शिरला की ते बाटतं, असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. लिनक्सच्या गाभ्यात आज भर घालणारे बहुतांश लोक पगारी आहेत. रफार कुठं बसतो हे तपासत वर्षानुवर्षं बसायला पगारच लागतो. हौसेने माणूस सुरुवात करतो. दर सहा महिन्यांनी येणाऱ्या नव्या आवृत्तीत तेच पुन्हा तपासायला हौस पुरत नाही.

पण कंपनी कशासाठी पगार देते हे डोळे उघडे ठेवून बघावं. रेड हॅटचा धंदा सर्व्हरचा. डेस्कटॉप हा त्या धंद्याचा कडेचा भाग. २०१९मध्ये आयबीएमने ही कंपनी सुमारे ३४ अब्ज डॉलरना घेतली, ती काही कोर्टातल्या टायपिस्टसाठी घेतली नाही. जून २०२३मध्ये रेड हॅटने जाहीर केलं की पुढच्या काळात आपल्या लिनक्समध्ये लिबरऑफिस बांधून देणार नाही. फेडोरात ते काम स्वयंसेवकांनी उचललं. कॅनॉनिकलने २०११मध्ये युनिटी नावाचा नवा डेस्कटॉप आणला, २०१२मध्ये त्याच्या शोधपट्टीत ॲमेझॉनचे निकाल घातले, त्यावर जगभर टीका झाली, आणि २०१७मध्ये युनिटीच सोडून दिली. यात मला दुष्टपणा दिसत नाही. त्यांचा हिशेब बदलला, एवढंच.

सन मायक्रोसिस्टिम्सचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. २००१ साली सनच्या लोकांनी साध्या ऑफिसकाम करणाऱ्या माणसांना लिनक्सवरच्या ग्नोम डेस्कटॉपसमोर बसवलं आणि ती कुठं अडतात ते टिपून ठेवलं. पुढच्या वर्षी ग्नोमची पडद्यावरच्या मांडणीची नियमावली आली, तिच्यामागे ही मेहनत होती. आंधळ्या माणसांना पडदा वाचून दाखवणारा ओर्का सनमध्येच वाढला. ओपनऑफिस सननेच २००० साली खुलं केलं. २०१०मध्ये ओरॅकलने सन घेतली आणि सगळं विस्कटलं. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ओपनऑफिसच्या लोकांनी लिबरऑफिस वेगळं काढलं, आणि ओर्काचं काम पुढे इगालिया या स्पेनमधल्या कंपनीत सुरू राहिलं. कंपनी गेली तरी काम उरलं, कारण मूळ सांकेतिक मजकूर सर्वांच्या हातात होता.

आमच्या नद्यांवर जे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत ना, तसं हे आहे. दगडी खांब एकदा उभे राहिले की ते कुठं जात नाहीत. पण पावसाळा सरला की खांबांमधल्या खाचांत बरगे घालावे लागतात आणि पुढचा पाऊस यायच्या आधी काढावे लागतात. गावाने ते वेळेवर केलं नाही तर खांब शाबूत असूनही पाणी अडत नाही.

प्रिंटरच्या बाबतीत हे मी रोज पाहतो. लिनक्सवरची छपाई कप्स नावाच्या व्यवस्थेवर चालते. मायकेल स्वीट यांनी ती लिहिली, ॲपलने आपल्या मॅकसाठी घेतली, २००७मध्ये त्यांना नोकरीवर घेऊन तिचा सांकेतिक मजकूरही विकत घेतला. २०१९च्या डिसेंबरमध्ये ते ॲपलमधून बाहेर पडले आणि काम रोडावलं. २०२०मध्ये ओपनप्रिंटिंग या गटाने ती आपल्याकडे घेतली. त्या गटाचं नेतृत्व करणारे टिल कांपेटर यांना बरीच वर्षं कॅनॉनिकल पगार देत होती. या माणसांची नावं कोल्हापुरात कुणाला ठाऊक नाहीत, पण त्यांनी हात वर केले असते तर कोर्टाजवळच्या भाऊसिंगजी रोडवरचे निम्मे वकील माझ्या दारात उभे राहिले असते. एचपी स्वतः लिनक्ससाठी ड्रायव्हर देते, त्यामुळे तिथं फारशी चिंता नसते. दुसऱ्या एका नामांकित कंपनीचा छोटा लेझर प्रिंटर मात्र इथं जवळजवळ प्रत्येक टायपिस्टकडे आहे, आणि त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर इतका जुना की उबंटूची आवृत्ती बदलली की तो हमखास बिघडतो. त्यात स्टँपपेपरचं काम. वरचा छापील भाग सोडून मजकूर ठरावीक जागेवरच सुरू व्हावा लागतो. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४पासून बऱ्याच दस्तांना शंभर-दोनशेच्या ठिकाणी पाचशेचा स्टँप लागतो. एक ओळ सरकली की पाचशे रुपयांचा कागद वाया. म्हणून अशा ठिकाणी मी आधी साध्या कागदावर स्टँपची चौकट आखून छापून बघतो, मगच यंत्र ताब्यात देतो.

लोक मला विचारतात, 'पण बटणं वेगळीकडे असतात, लोकांना जमेल का?' जमतं. सवय शिकवावी लागते. महाराष्ट्रात लाखो लोकांनी एमएस-सीआयटी केली, खिडक्या उघडायला आणि बंद करायला वर्गात बसून शिकले, आणि मग आपण म्हणायला लागलो की विंडोज सोपं आहे. न्यायालयांचंच बघा. ई-कोर्ट प्रकल्पात सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने मुक्त सॉफ्टवेअर निवडलं, १४,०००हून जास्त न्यायिक अधिकाऱ्यांना उबंटूचं प्रशिक्षण दिलं, आणि खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस प्रणाली एनआयसी या सरकारी संस्थेच्या पुण्यातल्या मंडळींनी तयार केली. म्हणजे वर व्यासपीठावर उबंटू आणि खाली वकिलांच्या बॅगेत विंडोज. 'आम्हाला नाही जमणार' म्हणणाऱ्या वकिलांना मी हे सांगतो तेव्हा ते विचारात पडतात.

जिथं नाही म्हणायचं तिथं मी स्पष्ट नाही म्हणतो. ज्या पतसंस्थेचा हिशेब टॅलीवर आहे, तिथला तो एक कॉम्प्युटर विंडोजवरच राहू द्यावा. डिजिटल सहीचं टोकन असेल तर त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर आधी चालवून बघावा. जुन्या फाँटमधल्या फाइली युनिकोडमध्ये आणताना यंत्रावर भरवसा न ठेवता माणसाने ओळन् ओळ वाचून घ्यावी. नावांत आणि गट नंबरांत चूक झाली तर जमिनीचा वाद नव्याने उभा राहतो.

आणि ज्या गोष्टीत जगातल्या कुठल्याच कंपनीचा फायदा नाही, ती आपण करायची आहे. मराठी टाइपरायटरची मांडणी, जुन्या मराठी फाँटचं रूपांतर, स्टँपपेपरचे साचे यांची गरज ओमानला नाही, जपानला नाही आणि आयबीएमला तर नाहीच. ती सहा जिल्ह्यांतल्या वकिलांना, टायपिस्टांना, दूध संस्थांना आणि सोसायट्यांना आहे. सहकार उभा करणाऱ्या या जिल्ह्याला चार ठिकाणची वर्गणी काढून एखाद्या जाणत्या मुलाला वर्षभर या कामाला बसवणं अवघड नाही. मी तसं दोन संघटनांपुढे मांडलं आहे. एका ठिकाणी विषय पुढच्या सभेवर आहे, दुसऱ्या ठिकाणी खर्चाचा अंदाज मागितला आहे, तो मी लिहून देतो आहे.

तोवर मी माझ्या बिलात एक ओळ वेगळी लावतो: देखभालीच्या रकमेतला थोडा भाग सार्वजनिक कामासाठी. बहुतेक गिऱ्हाइकं कारण विचारतात, समजावून सांगितलं की देतात. तात्यांची मांडणी मी खुली करून ठेवली आहे. इचलकरंजी आणि कराडच्या टायपिस्टांनी ती लावून पाहिली आणि कराडच्या बाईंनी 'ज्ञ'ची कळ त्यांच्या जुन्या यंत्रावर दुसरीकडे होती असं कळवलं. दोन कंपन्यांच्या टाइपरायटरांत तो फरक होता, तात्यांनी दुजोरा दिला. त्यामुळे आता दोन मांडण्या वेगळ्या कराव्या लागणार आहेत.